होगार्थचं 'जिन लेन': चित्रातल्या खुणा कुठून वाचायला घ्यायच्या?

ताम्रपट

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याचं 'जिन लेन' (जिनची गल्ली) बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पायऱ्यांवर बसलेली झिंगलेली बाई आणि तिच्या हातून निसटून खाली कोसळणारं मूल, तेच चित्र. 'दारूचे दुष्परिणाम' एवढं म्हणून ते बहुधा निकालात काढलं जातं. इतकंच सांगायचं असतं तर होगार्थने त्या उद्ध्वस्त गल्लीत तीन धंदे तेवढे धडधाकट दाखवले नसते: गहाणाचं दुकान, जिन या कडक दारूची भट्टी आणि शवपेट्यांचं दुकान. चित्राची किल्ली मला तिथे दिसते. बाईपासून सुरुवात केली की ती हमखास हुकते.

आधी जुजबी माहिती. फेब्रुवारी १७५१, लंडन. तांब्याच्या पत्र्यावर एचिंग (आम्लाने रेषा खोदणं) आणि कोरीवकाम करून काढलेलं छापचित्र, चित्राचा भाग साधारण ३६ बाय ३०.५ सेंटीमीटर. जोडीला 'बिअर स्ट्रीट' हे दुसरं चित्र. जागा सेंट जाइल्सची, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधली अगदी दरिद्री वस्ती.

मी असली चित्रं पक्क्याकडून कच्च्याकडे वाचतो. आधी चित्रात लिहिलेली अक्षरं, मग नकाशावर ओळखता येतील अशा जागा, मग त्या काळात एकच अर्थ असलेल्या वस्तू आणि सगळ्यात शेवटी कुत्रा, गोगलगाय वगैरे ढोबळ प्रतीकं. लोक नेमके उलटे जातात. काळा कुत्रा दिसला की 'नैराश्य' म्हणून मोकळे होतात आणि मग उरलेलं सगळं चित्र त्या एका शब्दात कोंबत बसतात.

अक्षरांपासून घेऊ. उजवीकडच्या भट्टीवाल्याचं नाव किलमन, म्हणजे सरळ सरळ 'माणूसमाऱ्या'. डावीकडचा गहाणवाला ग्राइप, मुठीत धरून पिळणारा. खाली डाव्या कोपऱ्यात तळघराचं दार, त्यावर सुरईच्या आकाराची 'जिन रॉयल'ची पाटी. त्या दारावरचा मजकूर मराठीत असा होईल: एका पेनीत झिंगा, दोन पेनीत पार आडवे व्हा, स्वच्छ पेंढा फुकट. यातला पेंढा विसरू नका. गिऱ्हाईक शुद्ध हरपून पडणार हे धंद्याच्या हिशोबात आधीच धरलंय आणि त्याच्या पडण्याची सोय जाहिरातीत सांगितली आहे. उजवीकडे खाली हाडाचा सापळा झालेला माणूस आहे. तो कागद विकणारा. त्याच्या टोपलीतून लोंबणाऱ्या कागदावर जिनबाईच्या अधःपाताचं शीर्षक आहे. म्हणजे दारूविरुद्धचा उपदेश विकणाराच दारूने मेलाय किंवा मरायला टेकलाय, आणि उपदेश खपलेला नाही. होगार्थने इथे स्वतःच्याच जातीच्या मालाला चिमटा काढलाय असं मला वाटतं, कारण तोही उपदेशाचा छापील कागदच विकत होता.

आता जागा. मागे दूरवर पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा दिसतो तो ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चचा. वास्तुकार निकोलस हॉक्समूरने बांधलेला. त्याच्या टोकावर राजा पहिला जॉर्ज याचा पुतळा आहे, चित्रातला विनोद नव्हे, खराखुरा. एरवी जिथे क्रूस असायचा तिथे राजा! आणि ग्राइपची तीन गोळ्यांची पाटी, म्हणजे गहाणवाल्यांची ठरलेली खूण, होगार्थने अशी टांगली आहे की मनोऱ्याच्या वर तीच क्रूसासारखी भासते. देव, राजा आणि गहाणवाला एकाच उभ्या रेषेत.

वस्तूंमध्ये ग्राइपच्या दारातली दोन माणसं बघा. सुतार करवत आणि अंगातला कोट गहाण टाकतोय. बाई किटली, भांडी, चिमटा घेऊन आली आहे. करवत गेली की उद्याची मजुरी गेली, भांडी गेली की चूल गेली. यात प्रतीक शोधायचं काही कारणच नाही, हा सरळ व्यवहार आहे.

बाकीच्यांनी भर घाला, चुकलं असेल तर कान धरा.

उलटी_शाई

सुरेख धागा. छापचित्राच्या अंगाने थोडं.

मोबाइलवर हे चित्र वाचायच्या फंदात पडू नका. मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम या दोन्हींच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराच्या प्रतिमा आहेत. चित्राचे सहा तुकडे करा, आडवे दोन आणि उभे तीन, आणि एकेक तुकडा पडदाभर करून बघा. उजवीकडच्या वरच्या तुकड्यात पडक्या माळ्यावर गळफास घेतलेला न्हावी आहे. लहान प्रतिमेत तो चक्क भिंतीची भेग वाटतो. भट्टीपाशी जिन पिणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या बाहीवर बिल्ला आहे, तोही मोठं केल्याशिवाय दिसत नाही. तो बिल्ला सेंट जाइल्स परगण्याचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराचा. या मुली अनाथ, परगण्याच्या खर्चाने पोसलेल्या. म्हणजे ज्यांची जबाबदारी सार्वजनिक पैशावर आहे त्याच मुलींच्या हातात पेला.

दुसरं, डाव्याउजव्यावरून अर्थ काढण्याआधी अक्षरं सुलटी आहेत का ते तपासा. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. त्यामुळे कोरणारा अक्षरं मुद्दाम उलटी कोरतो. पण नकला मारणारे छापील चित्र समोर ठेवून तसंच्या तसं पत्र्यावर उतरवायचे. त्यांच्या नकलेत अक्षरं नव्याने सुलटी घातलेली असतात आणि चित्र मात्र आरशातलं. अशा प्रतीवरून 'बाईचा चेहरा अमुक दिशेला का' यावर पानभर लिहिलेलं वाया जातं.

तिसरं, चौकटीखाली बारीक अक्षरात 'पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रसिद्ध' असं आहे. त्याचा जिनच्या कायद्याशी काडीचा संबंध नाही. तो १७३५चा कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा. होगार्थनेच खटपट करून तो आणवला, म्हणून त्याला होगार्थचा कायदाच म्हणतात. चौदा वर्षं दुसऱ्याला नक्कल छापायला बंदी. ही ओळ म्हणजे निव्वळ 'हक्क राखीव'ची पाटी.

नवखा_डोळा

दोन शंका.

एक, मनोरा आणि पाटीचं वाचन जरा ओढूनताणून वाटतं. मागे काहीतरी इमारत दाखवायचीच होती, जवळचं चर्च दाखवलं, पाटी योगायोगाने वर आली. असं का नसेल?

दोन, ती बाई. तिच्या पायांवरचे डाग म्हणजे सिफिलिस असं सगळीकडे वाचलं. मळ किंवा साध्या जखमा कशावरून नाहीत?

जुनं_दप्तर

पहिल्या शंकेचं उत्तर जोडचित्रात मिळतं. 'बिअर स्ट्रीट'मध्येही मागे चर्चचा मनोरा आहे, सेंट मार्टिन इन द फील्ड्सचा, आणि राजाच्या वाढदिवसाचा म्हणून त्यावर झेंडा फडकतोय. तिथेही तीन गोळ्यांची पाटी आहे. फक्त ती मोडकळीला येऊन लोंबकळते आहे आणि गहाणवाल्याचं नाव पिंच. धंदा बसलाय, घर पडायला झालंय आणि पिंच कर्ज वसूल करायला येणाऱ्यांच्या भीतीने दार न उघडता दारातल्या भोकातून बिअरचा पेला आत घेतोय. दोन चित्रांत तोच घटक मुद्दाम उलटा केलेला असेल तर योगायोग म्हणता येत नाही. कसोटी म्हणून हे पक्कं ठेवा: एका चित्रातली खूण दुसऱ्यात उलटी सापडली तर ती कलावंताची, नाही सापडली तर कदाचित आपली.

दुसऱ्या शंकेबद्दल तुमचा संशय रास्त आहे. नुसत्या डागांवरून रोगाचं नाव काढता येत नाही. उघडी छाती, फाटके कपडे, वेश्याव्यवसायाची सूचना आणि त्या काळच्या प्रेक्षकाला चटकन लागणारा अर्थ, हे सगळं एकत्र धरून ते वाचन झालंय. 'सूचित होतं' इथपर्यंत म्हणावं.

त्या बाईमागे एक खरी घटनाही सांगितली जाते. १७३४मध्ये ज्युडिथ डेफोर नावाच्या बाईने आपली दोन वर्षांची मुलगी अनाथालयासारख्या सरकारी आश्रयगृहातून बाहेर नेली. मुलीच्या अंगावर तिथले नवे कपडे होते. मुलीला मारून तिने ते कपडे विकले आणि त्या पैशांची जिन प्यायली. तिला फाशी झाली. होगार्थने तीच डोळ्यांपुढे ठेवली असं ठामपणे म्हणू नये, पण १७५१च्या लंडनकराला ही गोष्ट आठवली असणार.

आता चित्रात जे नाही ते. इंग्लंडमध्ये १६८९पासून फ्रेंच ब्रँडीवर बंदी आली आणि धान्यापासून दारू गाळायला सरकारने मोकळीक दिली. जमीनदारांच्या उरलेल्या धान्याला गिऱ्हाईक मिळालं, सरकारला महसूल मिळाला. मग जिन इतकी स्वस्त झाली की हाताबाहेर गेली. १७३६च्या कायद्याने किरकोळ विक्रीला वर्षाला ५० पौंडांचा परवाना आणि गॅलनमागे २० शिलिंग कर लावला. एवढा परवाना घेतो कोण? विक्री चोरवाटेने चालू राहिली, खबऱ्यांना मारहाण झाली, दंगे झाले आणि १७४३मध्ये तो कायदा गुंडाळला. 'जिन लेन' आलं ते पुढच्या कायद्याच्या तोंडावर. होगार्थचा मित्र, कादंबरीकार आणि लंडनमधल्या बो स्ट्रीट कोर्टाचा न्यायाधीश हेन्री फील्डिंग याची वाढत्या दरोड्यांवरची पुस्तिका त्याच वर्षी जानेवारीत निघाली होती, तिच्यातही जिनवर हल्ला आहे. १७५१चा कायदा त्याच वर्षी झाला. त्याने गाळणाऱ्यांना स्वतः किरकोळ विकायला आणि बिनपरवाना दुकानदारांना माल द्यायला मनाई केली. रोख पिणाऱ्यावरून पुरवठ्यावर आला. म्हणजे किलमनवर.

टीपकागद

इतकं सगळं होगार्थच्या पदरात टाकू नका. त्याची स्वतःची जाहिरात काय म्हणते? ही चित्रं 'खालच्या वर्गातल्या' लोकांमध्ये बोकाळलेली काही व्यसनं सुधारण्यासाठी काढली आहेत आणि म्हणून शक्य तितकी स्वस्त ठेवली आहेत. व्यसन कुणाचं? गरिबाचं. सुधारायचं कुणी? गरिबाने.

आणि स्वस्त म्हणजे किती? एका चित्राला एक शिलिंग, हौशी संग्राहकांसाठी चांगल्या छपाईची प्रत दीड शिलिंग. शिलिंगमध्ये १२ पेन्स. तळघराच्या दारावरच्या भावाने एका चित्राच्या पैशांत बारा वेळा झिंगता येतं, किंवा सहा वेळा बेशुद्ध पडता येतं. हे चित्र त्या गल्लीतल्या कोणी विकत घेतलं नसणार. दुकानाच्या खिडकीत किंवा पिण्याच्या अड्ड्यात लावलेलं बघितलं असेल तेवढंच. त्याच वेळी काढलेल्या 'क्रौर्याच्या चार पायऱ्या' या मालिकेतली दोन चित्रं त्याने आणखी स्वस्त पडावीत म्हणून लाकडी ठशांवर कोरून घेतली, पण तो बेत पुढे गेला नाही.

शिवाय 'बिअर स्ट्रीट' बघा. सगळे गुबगुबीत, सगळे हसरे, हातात फेसाळते मग, कामाच्या वेळेला पीत बसलेले. तरी ते आदर्श, कारण बिअर इंग्रजांची. एका छापात तर लोहाराने हडकुळ्या फ्रेंच माणसाला एका हाताने उचलून धरलंय, १७५९च्या छापात त्याच्या जागी मांसाचा मोठा तुकडा आला. ही समाजावरची टीका की राष्ट्रीय पेयाची जाहिरात?

खडूची_रेघ

टीपकागद, जाहिरातीतला शब्द आणि चित्रातला पुरावा यांत फरक पडू शकतो. विकताना माणूस एक बोलतो, काढताना हात दुसरंच काढतो. मी मांडणीवरून बघतो.

'जिन लेन'मध्ये सगळं खाली येतंय. मूल खाली, कागद टोपलीतून खाली, इमारत कोसळतेय, पायऱ्या तळघराकडे उतरतात. 'बिअर स्ट्रीट'मध्ये छपरावर कामगार आहेत, पालखी वाहणारे आहेत, वर झेंडा आहे. एकात नजर वरून घसरत तळघराच्या दारात जाते, दुसऱ्यात ती वर चढते. डोळे बारीक करून दोन्ही चित्रं नुसते काळेपांढरे डाग म्हणून बघा, नावं माहीत नसतानाही फरक कळतो.

आता ती बाई. आई आणि बाळ हा युरोपीय चित्रकलेतला सगळ्यात ओळखीचा आकृतिबंध, मेरी आणि येशूचा. होगार्थने तोच घेतला आणि आईचे हात सोडवले. तिचा हात काय करतोय बघा: तपकिरीची चिमूट. मूल पडतंय आणि तिचं लक्ष डबीत. चेहऱ्यावर क्रौर्य नाही, एक सैल हसू आहे. क्रूर चेहरा काढला असता तर चित्र 'वाईट बाई'चं झालं असतं. इथे बाई जाग्यावरच नाही.

जोडीची कल्पनाही होगार्थची नवी नव्हे. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलच्या रेखाटनांवरून १५६३मध्ये 'जाड्यांचं स्वयंपाकघर' आणि 'हडकुळ्यांचं स्वयंपाकघर' अशी दोन छापचित्रं निघाली होती. त्यांत एका घरातला लठ्ठपणा दुसऱ्याच्या उपासमारीचा आरोपी आहे. ते डोक्यात ठेवून होगार्थची जोडी बघितली की टीपकागद यांच्या प्रश्नाला निराळी धार येते: बिअर स्ट्रीटचे लोक जिन लेनकडे बघतात का? एकही नाही.

ताम्रपट

उलटी_शाई यांची कायद्याच्या ओळीची दुरुस्ती उत्तम. ती ओळ जिनच्या कायद्याचा प्रचार म्हणून वाचलेली मी छापील लेखातही पाहिली आहे.

टीपकागद, तुमचं निम्मं मान्य. होगार्थ क्रांतिकारक नव्हता, त्याला व्यवस्थित लंडन हवं होतं. पण ग्राइप, किलमन आणि शवपेटीवाला यांचं काय करायचं? निव्वळ गरिबाला झापायचं असेल तर नफा कोणाला होतो हे दाखवायची गरज पडत नाही. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सनेही १८४८मध्ये असंच काहीसं म्हटलं होतं. त्याच्या काळातली दारूविरोधी चित्रमालिका एका कुटुंबाच्या पेल्यापासून सुरू होते म्हणून त्याने नावं ठेवली आणि होगार्थच्या गल्लीत गरिबी, घाण आणि दुर्लक्ष ही कारणं दिसतात म्हणून त्याची बाजू घेतली.

टीपकागद

तीन धंदे मी नाकारत नाही. पण धान्य विकणारा जमीनदार कुठाय? महसूल घेणारं खातं कुठाय? जुनं_दप्तर यांनी सांगितलेली साखळी चित्रात किलमनच्या दारापाशी तुटते. होगार्थ दुकानदारापर्यंत जातो, शेताच्या मालकापर्यंत जात नाही. चित्राची टीका कुठे थांबते हे सांगणं हाही वाचनाचाच भाग.

जुनं_दप्तर

हे पटलं. भर एवढीच की पुढे जिनचा खप उतरला त्याचं श्रेय चित्राला देऊ नये. कायद्याने काम केलं, आणि १७५७मध्ये पीक बुडाल्यावर धान्यापासून दारू गाळायलाच बंदी आली. ती साखळी शेवटी धान्याच्या टोकाकडूनच आवळली गेली, तुमच्याच मुद्द्याला धरून.

नवखा_डोळा

उलटी_शाई यांच्या सांगण्याप्रमाणे सहा तुकडे करून बघितले. डावीकडे एक माणूस आणि कुत्रा एकच हाड दोन बाजूंनी चावताहेत आणि शेजारी झोपलेल्या बाईच्या अंगावर गोगलगाय आहे. आधी ती मला कपड्याची चुणी वाटली होती. ही आळसाची खूण धरायची ना?

'बिअर स्ट्रीट'मध्ये मात्र एक माणूस अडला. शिडीवरचा पाट्या रंगवणारा. सगळे धष्टपुष्ट, हा एकटा फाटक्या कपड्यात आणि हडकुळा. सुखी गल्लीत हा का?

खडूची_रेघ

गोगलगाय म्हणजे आळस, हो. ते त्या काळी रुळलेलं प्रतीक आहे, त्यावर भांडण नाही. पण ताम्रपट यांच्या क्रमाने ती शेवटच्याच रांगेत ठेवा.

पाटीवाल्यावर खरी गंमत आहे. बिअरच्या अड्ड्याच्या पाटीपाशी उभं राहून तो शेजारी टांगलेल्या जिनच्या बाटलीचं चित्र काढतोय. म्हणजे जिन या गल्लीच्या वेशीवर आलीच आहे आणि तिला आणणारा ब्रश चित्रकाराचा आहे. हा एकटा चित्रकार फाटका का, याची दोन वाचनं होतात. तो जिन पितो म्हणून फाटका, किंवा भरल्या पोटाच्या इंग्लंडला चित्रकाराची किंमत नाही म्हणून. मला दुसरं जवळचं वाटतं, कारण त्याच चित्रात पुस्तकांची टोपली पडली आहे आणि तिच्यावर पत्ता आहे पेट्या बनवणाऱ्याचा. पुस्तकं रद्दी म्हणून चालली आहेत, पेट्यांना आतून अस्तर लावायला.

उलटी_शाई

त्या पेटीवाल्याचं नाव पेस्टेम आहे, 'चिकटवा त्यांना'. होगार्थ नावांत हात आखडत नाही.

'जिन लेन'मधली एक जागा राहिली. मागच्या पडक्या भिंतीच्या खिंडारातून पलीकडे बघा. तिथून एक अंत्ययात्रा चाललेली दिसते, अगदी बारीक. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम्बने १८११मध्ये होगार्थवर लिहिताना नेमकं याच तपशिलावर बोट ठेवलं होतं. चौकटीतली गल्ली संपते आणि भिंतीपलीकडे तेच चालू असतं. ३०० टक्के मोठं केल्याशिवाय हाती लागत नाही.

टीपकागद

बघितलं. माणसं मोजता येईनात, पण चालताहेत खरी.